सहलीची शिट्टी जरा उशिरा वाजवा

प्रति,
सहलीचं ठिकाण ठरवायचं काम दरवर्षी ज्यांच्या गळ्यात पडतं, त्या सगळ्या सर-मॅडमना

स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की शिक्षकांच्या खोलीत एकच विषय असतो, यंदा सहल कुठं न्यायची. मीही त्या खोलीत तीसेक वर्षं बसलोय. परवानगीचा प्रस्ताव, पालकांची संमतीपत्रं, आगारात जाऊन गाडीचं आरक्षण, कोणाकोणाला गाडी लागते त्याची यादी, लिंबं, आवळासुपारी, प्लास्टिकच्या पिशव्या. आणि परत येईपर्यंत दर तासाला मुलं मोजायची. एकदा मोजताना एक जास्त भरलं होतं. दुसऱ्या शाळेचं पोरगं आमच्या गाडीत येऊन झोपलेलं. तेव्हा हे पत्र कोणी आरामखुर्चीत बसून लिहितोय असं समजू नका. माझंच जुनं खातं थोडं चुकतं करायचं आहे म्हणा.

गेल्या डिसेंबरात नातीला घेऊन धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेलो होतो. आपल्याकडं तेर म्हटलं की गोरोबाकाका, आणि ते बरोबरच आहे. आम्हीही आधी तेरणाकाठी समाधीचं दर्शन घेतलं आणि मग गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात गेलो. सकाळची वेळ, आत आम्ही दोघंच. नात सहावीत आहे. तिला आपण काही म्हणजे काही सांगायचं नाही असं घरूनच ठरवून निघालो होतो. जन्माची खोड, सुटता सुटत नाही, म्हणून हात मागं बांधून भिंतीकडेला उभा राहिलो. ती एका काचेच्या कपाटापुढं खाली बसली आणि बसलीच.

तेवढ्यात बाहेर शिट्टी वाजली. ती शिट्टी मला झोपेतही ओळखू येईल.

दोन रांगा आत आल्या. सहावी-सातवीची पोरं, अंगात स्वेटर, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, हातात वही. कुठली शाळा ते मी विचारलं नाही, आणि कळलं असतं तरी इथं लिहिलं नसतं. "हात लावायचा नाही, बोलायचं नाही, पाट्या उतरवून घ्या, उद्या वह्या तपासणार." मुलं कामाला लागली. पाटी वाचायची, वहीत उतरवायची, पुढच्या पाटीकडं सरकायचं. पाटीच्या वर काचेत काय ठेवलंय तिकडं बघायला कोणाला सवड? एका पोरानं विचारलं, "सर, मृण्मय म्हणजे काय?"

"आधी लिही."

एक मुलगी मात्र थांबली. तिच्यापुढं भाजलेल्या मातीचा एक चपटा तुकडा होता, मुठीत मावेल एवढा, घासायची बाजू ओरखडे पाडून खरबरीत केलेली. वज्री. अंग घासायची, टाचा घासायची. सातवाहनांच्या काळातल्या वस्त्यांमधून अशा वज्र्या निघतात; तेरला निघाल्या, नेवाशाला निघाल्या, भोकरदनला निघाल्या. मुलगी शेजारणीला म्हणाली, "अगं, ही तर आमच्या आजीच्या न्हाणीत आहे." आणि काचेला नाक लावून बघत राहिली. तेवढ्यात मागून हाक आली, "चल पुढं, रांग अडतीय." ती गेली. बारा मिनिटांत सगळं आटोपलं. मी घड्याळ बघितलं होतं.

त्या सरांवर रागवायला मला तोंड कुठं होतं? माझ्याकडं सहलींच्या नोंदींची एक जुनी वही आहे, घरी आल्या आल्या ती काढली. माझ्याच अक्षरात: "तुळजापूर दर्शन, नळदुर्ग किल्ला, तेर २० मि., जेवण." वीस मिनिटं! नळदुर्गला आम्ही दोन तास काढले होते, त्यातला एक तास पोह्याच्या पुड्या वाटण्यात. आणि तेरला पाट्या उतरवून घ्यायला मीच सांगितलं होतं. तो माझा शोध नव्हता. मी शिकत होतो तेव्हा आमच्या गुरुजींनीही तेच सांगितलं होतं. वहीत काहीतरी दिसलं की मुख्याध्यापक खूश, पालक खूश, आणि मुलांचे हात गुंतलेले असल्यामुळं काच फुटायची भीती नाही.

त्या वीस मिनिटांत मी मुलांना कशाकशापुढून पळवत नेलं, ते आता सांगतो.

आपल्या मराठवाड्यात गावच्या जमिनीचे रंग दोन, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. ही वस्तीची माती पांढुरकी का, हे आपण मुलांना कधी सांगत नाही. मातीची घरं बांधली, पडली, त्यांच्यावरच परत बांधली. चुलीची राख, शेण, भुसा, हाडकं, खापरं, सगळं शेकडो वर्षं त्यात मुरत गेलं. तेरला अशी पांढरीची टेकाडं आहेत. जोराचा पावसाळा झाला की टेकाडाचा वरचा थर धुपतो आणि मणी, नाणी, मातीच्या बाहुल्यांचे तुकडे उघडे पडतात. त्यात आपल्याकडची माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं. पावसाच्या तोंडावर माळवदावर पांढऱ्या मातीचा थर दिला नाही तर घर गळणार, आणि ही माती आणायची कुठून, तर गावालगतच्या टेकाडातून. किती घरांवर सातवाहन वाळत पडले असतील, कोण सांगणार! माझ्या आजोळी माळवदावर वाळवण राखायला बसवलं की आम्हा पोरांना कधीमधी शंखाच्या बांगडीचा तुकडा मिळायचा. आम्ही त्यानं लंगडीच्या रेघा ओढायचो आणि संपला की फेकून द्यायचो.

रामलिंगप्पा लामतुरे तेरचेच. व्यापारी माणूस, पुरातत्त्व खात्याचे नोकर नव्हेत. आम्ही जे फेकलं ते त्यांनी उचललं. वर्षानुवर्षं उचललं, जपलं, हजारो वस्तू झाल्या. १९५८ साली तेरला उत्खनन झालं, पुढंही वेळोवेळी होत राहिलं. लामतुऱ्यांचा संग्रह नंतर राज्य शासनाकडं आला आणि त्यातून आजचं संग्रहालय उभं राहिलं. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती जमवल्या त्याचं कौतुक आपण कानांनी ऐकतो आणि पुण्याची सहल निघाली की तिकडं जातोही. लामतुऱ्यांचं नाव मात्र आपल्याच जिल्ह्यातल्या दहा पोरांना विचारून बघा. दहा कशाला, दहा शिक्षकांना विचारा.

आता या टेकाडांखालच्या गावाबद्दल. पहिल्या शतकात एका अनाम व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत समुद्रवाटेची आणि बंदरांची एक नोंदवही लिहून ठेवली, तिला पेरिप्लस म्हणतात. तो लिहितो की गुजरातच्या भडोच बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. तगरहून काय यायचं? साधं जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि पूर्वेच्या किनाऱ्याकडून तिथं आलेला माल. हे सगळं गाड्यांवर लादून धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं आणि तिथून गलबतानं पश्चिमेला. आपल्या काळ्या रानातला कापूस आणि आपल्या गाडीवाटेचा धुरळा, एका परक्या माणसाच्या वहीत!

हे तगर नेमकं कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांची बरीच जुंपली. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर, कोणी धारूर. १९०१ साली शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी दाखवून दिलं की तगर म्हणजे तेर. मग पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स इथं आले, त्यांनी टेकाडं आणि देवळं पाहून तपशिलानं लिहून ठेवलं. गंमत अशी, की शहर ओसरलं तरी नावाचा दबदबा राहिला होता. शिलाहार राजे राज्य करत होते कोकणात आणि कोल्हापूरकडं, पण स्वतःला म्हणवून घेत होते 'तगरपुरवराधीश्वर'. पाच पिढ्या मुंबईत गेल्या तरी माणूस आडनाव मूळ गावाचंच लावतो, त्यातलाच हा प्रकार. ठाण्याच्या शाळेतल्या एखाद्या मॅडम हे वाचत असतील तर त्यांनाही तेर परकं नाही, एवढं ध्यानात घ्यावं.

आपण वर्गात गौतमीपुत्र सातकर्णी शिकवतो. 'त्रिसमुद्रतोयपीतवाहन', ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. पोरं तो शब्द धापा टाकत पाठ करतात. पण त्या राजाच्या राज्यात बायामाणसं टाचा कशानं घासायची हे कोणी विचारत नाही, आणि ती मुलगी ते न विचारताच ओळखून बसली होती. तिला आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर तिनं बाकीच्या कपाटांतही घर शोधलं असतं. पायांचे दगडी पाटे होते. तशा पाट्यावर आज कोणी वाटत नसलं तरी तो कशाला होता हे कोणत्याही पोरीला सांगावं लागत नाही. पोराला सांगावं लागतं, हा वेगळा विषय आहे.

माझी नात बसली होती ती मातीच्या मूर्तींपुढं. या मूर्ती केओलिन नावाच्या पांढऱ्या, तलम मातीच्या. ही माती वेगळी, वर सांगितलेल्या पांढरीशी हिचा संबंध नाही. बोटभर उंचीच्या बायका-पुरुषांचे मुखवटे, कोणाचा केशसंभार डोक्यावर उंच बांधलेला, कोणाच्या कानात ही एवढी कर्णभूषणं. पंधरा मिनिटांनी नात म्हणाली, "आजोबा, हिच्या कानामागं रेघ आहे." मी चष्मा वर-खाली करून बघितलं. खरंच होती. मग शेजारची बघितली, तिलाही होती. तेरला माझी ती पाचवी खेप. चार खेपांत मला ती रेघ दिसली नव्हती. ती म्हणाली, "गणपतीच्या साच्यासारखं आहे का?" मी घरून ठरवलेलं सगळं विसरून बोलायला लागलो. दोन साचे, पुढचा आणि मागचा. दोन्हीत माती दाबायची, दोन्ही अर्धी ओली असतानाच जोडायची, म्हणजे मूर्ती आतून पोकळ राहते आणि भट्टीत तडकत नाही. जोडाची रेघ बोटानं पुसून घ्यायची. कानामागं कोण बघतंय, म्हणून कारागिरानं तिथं बोट फिरवलं नसेल. हे दुहेरी साच्याचं कसब रोमकडच्या व्यापाराबरोबर आलं असावं असं जाणकार म्हणतात. नातीला रोमचं फारसं काही वाटलं नाही. तिला कारागिरानं केलेला आळस आवडला.

आणि ती हस्तिदंताची बाहुली, जिच्यामुळं तेरचं नाव लांबवर गेलं. वीतभरसुद्धा उंच नाही. हिची कथा सांगायला इटलीत जावं लागतं. सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पोम्पेई शहर राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या एका घराच्या खोदकामात हस्तिदंताची, दागिन्यांनी मढलेली भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरची बाहुली तिच्याच गोतातली दिसते. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही त्याच घडणीची मूर्ती निघाली. पोम्पेईच्या मूर्तीच्या डोक्यात वरून भोक पाडलेलं आहे. म्हणजे ती नुसती शोभेची नसणार, कशाला तरी जोडलेली असणार. आरशाची मूठ असेल, एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय असेल. जाणकारांचंही यावर एकमत नाही. हाच प्रश्न वर्गात टाका, डोक्याला भोक असलेली बाहुली कशाला करत असतील? चाळीस पोरं चाळीस उत्तरं देतील आणि एकालाही चूक म्हणता येणार नाही. असा प्रश्न वर्षातून किती वेळा आपल्या हाती लागतो?

संग्रहालयातून निघालात की लगेच गाडीत बसू नका. गावात त्रिविक्रमाचं मंदिर आहे. विटांचं. मुलांना मागच्या बाजूला न्या आणि भिंतीचा कोपरा शोधायला सांगा. सापडणार नाही, कारण मागची भिंत गोल आहे आणि वरचं छप्पर बसलेल्या हत्तीच्या पाठीसारखं. हा चैत्याचा, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाचा आकार. कार्ल्याला, भाज्याला डोंगर कोरून आत जी जागा केली, ती इथं विटा रचून मोकळ्यावर उभी केलेली. मूळ बांधणी बौद्ध चैत्याची, हे कझिन्सनी मांडलं आणि पुढच्या अभ्यासकांनी उचलून धरलं. आत आज त्रिविक्रम उभा आहे, वामनानं विराट होऊन पाय उचललेला, आणि पूजा चालू आहे. एकाच छपराखाली एवढं सगळं झालं, हे मुलांना फार समजावत बसू नका. त्यांना त्यात काही अवघड वाटत नाही, आपल्यालाच वाटतं.

तेरच्या जुन्या विटांची आणखी एक ख्याती आहे. काही विटा इतक्या हलक्या, की पाण्यावर तरंगतात. मातीत तूस-भुसा कालवून वीट भाजली की भुसा जळून जातो आणि वीट पावासारखी भोकाभोकाची होते. हा प्रयोग परत आल्यावर शाळेत करून बघा, फक्त दोन महिन्यांचा धीर धरा. पहिल्या दोन-चार विटा फुटतील, पाचवी बुडेल. बुडाली तरी हरकत नाही, का बुडाली यावर एक तास जातो. उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची कोरीव लाकडी चौकटही बघायला विसरू नका. वाळवीच्या मुलखात एवढं जुनं लाकूड टिकलंय, हेच आधी बघण्यासारखं.

गोरोबाकाकांचं दर्शन मात्र शेवटी ठेवा. आम्ही आधी घेतलं, ते आता चुकलं असं वाटतं. खापरं, साचे, विटा बघून झाल्या की समाधीपुढं बसून ती कच्च्या मडक्याची गोष्ट सांगा. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाईनं थापटण्याकडं, म्हणजे मडकं ठोकायच्या लाकडी फळीकडं, बोट दाखवून विचारलं, हे काय? गोरोबा म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं आणि नामदेवांना राग आला. ही गोष्ट मुलांना येते, पण थापटणं कसं असतं हे आता कोणाला ठाऊक आहे? दोन माठ बरोबर न्या, एक बरा भाजलेला, एक कच्चा. टिचकी मारू द्या. एक खणखणीत वाजतो, दुसरा बद्द. ज्या गावात दोन हजार वर्षांपूर्वीचं भाजकाम आपण नुकतंच काचेतून बघून आलो, त्याच गावच्या कुंभारानं संतांची परीक्षा घेतली. एवढी जोडणी मुलं स्वतः करतात. मी तरी माझ्या नातीला हे सांगितलं नव्हतं. येताना गाडीत तीच म्हणाली, "ती कपाटातली सगळी पक्की मडकी होती ना, आजोबा?"

आता तुमच्या अडचणी. त्या मला तोंडपाठ आहेत. वॉटर पार्कला न्या म्हणून पोरं मागं लागतात, पालकही म्हणतात की पैसे भरायचेच तर पोरांना मजा तरी येऊ दे. मजेच्या विरुद्ध मी नाही. पण एक मुक्कामाची सहल मोठ्या ठिकाणी जाते तेव्हा एक दिवसाची अशी जवळची निघायला काय हरकत आहे? लातूर, धाराशिव, बार्शी, कळंब, तुळजापूर, सगळ्यांना सकाळी निघून दिवे लागायच्या आत घरी येता येतं. शंभर पोरं एकदम आत घालू नका, कोणालाच काही दिसणार नाही. निम्मी त्रिविक्रमाकडं, निम्मी संग्रहालयात, तासानं अदलाबदल. आधी फोन करून सुट्टीचा वार कोणता ते विचारून घ्या आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय कुठं आहे तेही. हे दुसरं काम नेहमी मॅडमनाच का करावं लागतं, ते पुरुष शिक्षकांनी एकदा मनाशी विचारावं.

वह्या न्या, पण पाट्यांसाठी नको. प्रत्येक मुलानं एकच वस्तू निवडायची, कोणतीही, आणि तिचं चित्र काढायचं. चित्र वाईट आलं तरी चालेल. चित्र काढायला बसलं की बघावंच लागतं, त्यातून सुटका नाही. खाली दोनच ओळी: हे कशाचं असेल, आणि आमच्या घरी याच्यासारखं काय आहे. तपासायला तुम्हाला बारा पानी पाट्यांपेक्षा हे हलकं जाईल, आणि एकाचं बघून दुसऱ्याला उतरवता येणार नाही.

एक धोका मात्र आहे आणि तो आधीच सांगून ठेवावा. मुलं परत येताना म्हणतील, आपणही टेकाडावर जाऊन हुडकू या. तिथं ठाम राहा. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या जुन्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची, हे १८७८ च्या निखात निधी कायद्यापासून चालत आलंय. पुरावस्तूंसाठी १९७२ चा वेगळा कायदा आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा दुसरी गोष्ट मुलांना लवकर पटते. मणी खिशात घातला की तो कोणत्या थरात, कोणत्या भिंतीशी, कशाच्या शेजारी पडला होता ते गेलं. मग राहतो नुसता एक मणी, तसले तर यात्रेत दहा रुपयांना माळभर मिळतात. दिसलं तर जागा लक्षात ठेवायची, हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचं. लामतुऱ्यांच्या काळी वाहून जाणारं वाचवायचं होतं, ते त्यांनी वाचवलं. आपल्या पोरांचं काम वेगळं आहे.

हुडकायचंच असेल तर घरात हुडकू द्या. शाळेत एक फळी रिकामी करा. चिपटं, मापटं, शेर, पायली, अडकित्ता, चंची, पितळी वज्री, मातीची वज्री, रेशनचं पहिलं कार्ड, आजोबांचा रेडिओ. प्रत्येक वस्तूखाली मुलानंच चिठ्ठी लिहायची, वस्तू कोणाची, कोणत्या गावची, कशाला वापरायची, शेवटची कधी वापरली. पाटी उतरवून घेण्यापेक्षा पाटी लिहिणं किती अवघड असतं ते तेव्हा कळतं. मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी हे केलं होतं. एका पोरानं आजीची सुपारी कातरायची जागा, म्हणजे उंबऱ्याचा झिजलेला तुकडाच सुताराकडून कापून आणला होता. त्याच्या बापानं शाळेत येऊन मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. तुकडा मात्र फळीवर राहिला.

बाकी सर्व क्षेम. यंदाचा प्रस्ताव अजून गेला नसेल तर त्यात एक ओळ वाढवा, आणि 'तेर'पुढं किमान दोन तास लिहा.

आपला,
एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक

ता. क. : त्या दिवशी वज्रीच्या कपाटापाशी एक पाण्याची बाटली राहिली होती. निळी, झाकणाला लाल दोरा बांधलेला. दारावरच्या मामांकडं दिली आहे. ती घ्यायला त्या मुलीला घेऊन परत यावं लागलं, तर सर, त्या खेपेला शिट्टी गाडीतच राहू द्या.